बाळ रडत नाही तेव्हा: बॅग-मास्कच्या या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मानेची. नुकतंच जन्मलेलं बाळ पुसलं, पाठ चोळली, तरी श्वास नाही, म्हणजे पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क (नाका-तोंडावर मास्क धरून हाताने बॅग दाबत श्वास देणं) सुरू व्हायलाच हवा. तो सुरू होतोही. पण मोठ्या माणसांच्या सीपीआरवर तयार झालेला हात बाळाचं डोकं सरळ मागे ढकलतो. नवजाताचं डोकं मागून मोठं, जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र वर आणि श्वासनलिका मऊ. मान फार मागे गेली तरी वाट दबते, हनुवटी छातीकडे झुकली तरी दबते.

एका रात्री लेबर रूममधून हाक आली. इंटर्न घामाघूम होऊन बॅग दाबत होता. छाती ढिम्म हलत नव्हती, पोट मात्र फुगत चाललेलं. "मॅडम, बॅग खराब आहे." बॅग चांगली होती. खांद्याखाली अख्खा टॉवेल गुंडाळून ठेवलेला आणि हनुवटी थेट छताकडे! टॉवेल काढला, दुपट्याची जेमतेम अडीच सेंटिमीटरची घडी सरकवली, मास्क पुन्हा बसवला. तिसऱ्या दाबाला छाती उचलली. मिनिटाला साठच्या खाली गेलेले हृदयाचे ठोके बघता बघता शंभरावर आले. माझी सवय सांगते: बॅग हातात घेण्याआधी बाजूने वाकून बघायचं. चेहरा छताला समांतर असला पाहिजे.

छाती हलत नसेल तर जोर वाढवणं हा पहिला उपाय नाही. आधी मास्क, मग मान, मग तोंडातला स्राव, मग तोंड किंचित उघडं आहे ना ते. तीन किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण 12 ते 18 मिली हवा पुरते आणि नवजातांच्या छोट्या बॅगेतही साधारण 240 मिली मावते. अख्ख्या मुठीने दाबणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत, नाहीतर फुप्फुस फुटू शकतं.

माझा दुसरा राग सक्शनचा, म्हणजे नळीने स्राव ओढून काढण्याचा. स्राव दिसला की नळी घशात खोल घालायची घाई! त्याने ठोके आणखी उतरतात. गरज असेल तरच सक्शन करा, आधी तोंड, मग नाक. आधी नाकात घातलं तर बाळ दचकून श्वास ओढतं आणि तोंडातलं आत जातं. आईच्या पोटात असतानाच शी केलेल्या आणि श्वास नसलेल्या प्रत्येक बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालून सक्शन करायची पद्धत 2015 च्या एनआरपी (नवजाताला श्वास देण्याच्या प्रशिक्षणाचा अमेरिकी कार्यक्रम) मार्गदर्शनानेच बंद केली. तरीही लॅरिंजोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) शोधण्यात मिनिटं घालवणारे भेटतातच, आणि तोवर बाळाला एकही श्वास मिळालेला नसतो.

मास्क डोळ्यांवर चढू देऊ नका.

छाती नीट उचलेल असे तीस सेकंद श्वास दिल्याशिवाय छातीवर दाब सुरू करू नका.

पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेने सुरुवात करा. ऑक्सिजन सिलिंडरची चावी सापडेपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही.