पाय न टेकता दगड पार: लाया सान्झच्या वाटेनं ट्रायल्स कशी शिकायची

ट्रायल्स या मोटरसायकलच्या खेळात वेग मोजत नाहीत. दगड, ओंडके, ओढ्याचे काठ अशा आखून दिलेल्या तुकड्यातून, म्हणजे सेक्शनमधून, पाय जमिनीला न लावता गाडी बाहेर काढायची असते. पाय एकदाही टेकला नाही तर 0, एकदा टेकला तर 1, दोनदा 2, तीन किंवा जास्त वेळा 3. गाडी पडली किंवा हद्दीबाहेर गेली की थेट 5. ज्याचे गुण कमी, तो जिंकला.

स्पेनमधल्या कॅटलोनियाची लाया सान्झ 2000 साली महिलांची जागतिक विजेती झाली, तेव्हा ती 14 वर्षांची होती. 2013 पर्यंतच्या 14 विजेतेपदांपैकी 13 तिची. मधलं 2007 चं तेवढं जर्मनीच्या इरिस क्रेमरनं नेलं. इतकी वर्षं टिकायला नुसता जोर पुरत नाही. तोल, क्लचवरचं बोट आणि सेक्शन वाचायची नजर या तीन गोष्टी पक्क्या लागतात, आणि शिकायच्याही याच क्रमानं.

आधी गाडी नीट लावून घ्या. ट्रायल्सची गाडी साधारण 70 किलोची असते आणि तिला बसायची सीट जवळजवळ नसतेच, कारण सगळं काम उभ्यानं चालतं. सगळ्यात जास्त चुका टायरच्या हवेत होतात. मागच्या टायरात 4 ते 5 पीएसआय, पुढच्यात 5.5 ते 6.5. रस्त्यावरच्या गाडीची सवय असलेल्याला हे पंक्चर वाटेल, पण एवढ्या कमी हवेतच टायर दगडाला लपेटून धरतो. हवा जास्त असली तर चाक दगडावरून उसळतं आणि दोष मात्र आपण स्वतःच्या तोलाला देतो. फारच कमी ठेवली तर रिमला पोचे पडतात. पंपावरच्या गेजवर इतका कमी आकडा नीट दिसत नाही. 0 ते 15 पीएसआयचा वेगळा गेज घ्या. क्लच आणि पुढचा ब्रेक एकेका बोटानं ओढता येतील अशा जागी लिव्हर आत सरकवून घ्या. दोन बोटं क्लचवर गेली की हँडलवरची पकड सुटलीच. मनगटाला बांधायची, इंजिन बंद करणारी दोरी पहिल्या दिवसापासून लावा. हेल्मेट, उंच बूट, गुडघ्याचं संरक्षण हवंच, आणि एकट्यानं सराव करू नका.

आता तोल. इंजिन बंद ठेवा, पुढचं चाक दगडाला किंवा भिंतीला टेकवा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, पुढचा ब्रेक धरा आणि फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा. चवडा पेगवर, गुडघे किंचित वाकलेले, नजर तीन-चार मीटर पुढे. पुढच्या चाकाकडे पाहिलंत की तोल गेलाच म्हणून समजा. गाडी कलायला लागली की हात हँडलशी झगडतात, ते थांबवा. सावरायचं गुडघ्यांनी आणि कमरेनं. एक मिनिट जमलं की दगडाचा आधार सोडा, मग हँडल दुसऱ्या बाजूला वळवून तेच. दुसरी बाजू नेहमी अवघड जाते, म्हणून वेळही तिलाच जास्त द्या.

पुढे क्लच. सपाट मैदानात 20 मीटर अंतर पहिल्या गिअरमध्ये, उभ्यानं, जितकं हळू जमेल तितकं पार करा: थ्रॉटल किंचित उघडा, मागचा ब्रेक हलका दाबलेला आणि वेग सगळा क्लचच्या बोटावर. मग दोन खुणा 3 मीटर अंतरावर ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा. वळताना गाडी आत कलते, शरीर बाहेर राहतं आणि भार बाहेरच्या पेगवर येतो. गाडी आतल्या बाजूला पडत असेल तर बहुतेकदा घाबरून थ्रॉटल बंद केलेला असतो. थ्रॉटल तसाच ठेवा, क्लचनं खेळा.

हे जमल्याशिवाय ओंडक्याकडे जाऊ नका. सुरुवातीला 20 ते 25 सेंटिमीटर जाडीचा, घट्ट बसवलेला ओंडका पुरे. चालण्याच्या वेगानं सरळ या. चाक पोचायच्या आधी गुडघे वाकवून गाडी खाली दाबा, लगेच शरीर वर घेत, थ्रॉटल उघडून आणि क्लच सोडून पुढचं चाक हलकं करा. ते वरच्या कडेच्या जरा खाली लागलं तरी चालेल. दबलेला फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअप, परत उसळून चाकाला वर नेतो. आता मागचं चाक ओंडक्याला भिडायच्या क्षणी थ्रॉटल बंद, भार पुढे आणि गुडघे सैल, म्हणजे मागचा भाग खालून वर येऊ शकतो. मागचं चाक भिडल्यावरही थ्रॉटल चालू राहिला तर ते ओल्या लाकडावर घसरतं किंवा तुम्हाला हँडलवर फेकतं. नवखे इथेच पडतात. उपाय ताकदीचा नाही, थ्रॉटल आधी बंद करण्याचा आहे.

स्पर्धेच्या दिवशी सेक्शन आधी पायी चालून पाहतात. बाहेर पडायच्या फाटकापासून मागे चालत या, म्हणजे शेवटच्या अडथळ्याला कुठल्या कोनातून यायचं ते आधी ठरतं. पुढच्या चाकाची वाट सगळेच बघतात; मागचं चाक कुठे पडेल ते शोधा, कारण ओढ तिथून मिळते. हलणारे दगड पायानं दाबून बघा. आत शिरण्याआधी टायरवरचा चिखल झाडा. आधीचे दहा जण गेल्यावर वाट बदललेली असते, तेव्हा पुन्हा बघा.

गुणांचा हिशेबही डोक्यात हवा. अडकणार असं दिसलं तर एक पाय वेळेवर टेकून 1 घेणं हे हट्टानं 5 घेण्यापेक्षा चांगलंच. आणि तीनदा पाय टेकून झाला असेल तर चौथ्यांदा, पाचव्यांदा टेकल्यानं काहीच वाढत नाही. मग दोन्ही पायांनी ढकलत का होईना, गाडी बाहेर काढा.

लायानं हीच शिदोरी पुढे नेली. 2012 आणि 2013 मध्ये तिनं ट्रायल्सबरोबर महिलांची एंड्युरो, म्हणजे खडबडीत वाटेवरच्या लांब शर्यतींची, जागतिक स्पर्धाही जिंकली, आणि 2015 च्या डकार रॅलीत, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, स्त्री-पुरुष सगळ्यांत मोटरसायकल गटात नववी आली. एंड्युरोकडे वळायचं मनात असेल तरी पहिला हंगाम ट्रायल्सलाच द्या. खडकाळ चढावर वेग संपतो, तेव्हा गाडी उभी ठेवायला क्लचवरचं तेच एक बोट लागतं.