गोरोद, ह्राद आणि घर : आदिस्लाव शब्दाचा माग कसा काढावा

आदिस्लाव (रशियन, पोलिश, चेक आदी स्लाव भाषांची समान पूर्वज भाषा) नामाचा माग काढताना आरंभ आजच्या भाषांपासून करावा. कारण मूळ शब्द कोठेही लिहिलेला सापडत नाही, तो वंशजांवरून सिद्ध करावा लागतो, आणि म्हणूनच त्याच्याआधी तारांकन देतात. येथे *गोर्दु हे नाम घेऊ. त्यातील अंत्य उकार अतिऱ्हस्व होता.

प्रथम वंशज रूपे मांडावीत: रशियन गोरोद, बल्गेरियन व सर्बियन ग्राद, चेक ह्राद, पोलिश ग्रुद (षष्ठीत ग्रोदू). हा फरक नियमित आहे का, हे दुसऱ्या शब्दावर पडताळावे. गाईला रशियनमध्ये कोरोवा, बल्गेरियनमध्ये क्रावा आणि पोलिशमध्ये क्रोवा म्हणतात. म्हणजे दोन व्यंजनांमधला मूळ 'ओर' पूर्वेकडे 'ओरो' झाला, दक्षिणेकडे व चेकमध्ये 'रा' आणि पोलिशमध्ये 'रो'. चेकमधील 'ह' हा 'ग'चाच उत्तरकालीन बदल आहे. हा नियम हाताशी नसेल, तर फसगत ठरलेली: रशियनमध्ये गारांनाही 'ग्राद' म्हणतात, पण तेथे 'ओरो' नाही, म्हणून तो शब्द निराळ्याच मुळाचा.

उसनी रूपे ओळखणे अधिक अवघड. नोव्हगोरोद या शहराच्या नावातले 'गोरोद' हे अस्सल पूर्व स्लाव रूप; १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे पेत्रोग्राद झाले, तेव्हा मात्र चर्च स्लाव्होनिकचे (दक्षिण स्लाव वळणाच्या धर्मभाषेचे) भारदस्त रूप निवडले गेले. रशियनमध्ये 'गोरोझानिन' म्हणजे शहरवासी आणि 'ग्राझ्दानिन' म्हणजे नागरिक, ही जोडीही अशाच दोन वाटांनी आलेली आहे.

नंतर अर्थाकडे वळावे. रशियन गोरोद म्हणजे शहर, चेक ह्राद म्हणजे किल्ला, तर युक्रेनियनमध्ये हाच शब्द भाजीपाल्याच्या परसबागेसाठी वापरतात. या सर्वांना सामावणारा अर्थ 'कुंपण घातलेली जागा' हाच होय. लिथुआनियन 'गार्दास' (जनावरांचे कुंपण) आणि गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतील 'गार्द्स' (घर) ही भावंडे त्याला दुजोरा देतात.

संस्कृत 'गृह' याच धातूचे, मात्र निराळ्या स्वरश्रेणीचे (म्हणजे धातूतला स्वर बदललेले) रूप आहे आणि त्याच्याच परंपरेतून प्राकृतमार्गे आपले 'घर' आले. त्यावरून स्लाव शब्द संस्कृतातून गेला असे मात्र मानू नये. दोघांचा पूर्वज एकच, आणि तो दोघांहून जुना. 'ह्राद' ऐकताच मराठी माणसाला 'गड' आठवतो. पण ध्वनिबदलांची साखळी दाखवता येईपर्यंत असे साम्य टिपणवहीतच राहू द्यावे.