मोगरा नुसताच माजलाय, कळी नाही?

मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या, काटक झालेल्या फांद्या तशाच ठेवल्या तर झाड हिरवंगार राहतं, पण कळी धरत नाही. म्हणून थंडी ओसरू लागली, म्हणजे साधारण जानेवारीअखेर, की फांद्या निम्म्याने छाटा आणि उरलेली पानंही काढून टाका. झाड भकास दिसेल, दिसू दे. छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करा. नंतर वरची माती उकरून चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि पाणी पुन्हा सुरू करा.

ऊन मात्र हवंच, निदान पाच-सहा तास थेट. उत्तरेकडच्या बाल्कनीत कितीही खत ओता, पैसे वायाच!

पानं मोठी, गर्द हिरवी आणि दोन पेरांमधलं अंतर लांबलेलं दिसलं, तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय असं समजा. (बहुतेकदा हा युरियाच्या चिमटीचा प्रताप.) युरिया बंद करा, बोनमील (हाडांचा चुरा) आणि थोडी लाकडाची राख द्या.

बहर येऊन गेला की प्रत्येक शेंडा पानांच्या दोन जोड्या खाली खुडा. तिथूनच पुढचे फुटवे निघतात, कळ्यांसकट.