कॅटचा उतारा आणि आजोबांचं प्रवचन

पहिल्यांदा कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांची एमबीए प्रवेशपरीक्षा, दिली तेव्हा व्हीएआरसीमध्ये, म्हणजे इंग्रजी भाषा आणि उताऱ्यांच्या विभागात, मला 58 पर्सेंटाइल मिळाले, गणितात 94. दहावीपर्यंत सांगोला तालुक्यातली मराठी शाळा, मग पुण्यात इंजिनिअरिंग. त्यामुळे घरच्यांचं आणि माझंही निदान एकच होतं, इंग्रजी कच्चं आहे. पुढचे पाच महिने मी रोज तीस शब्द पाठ केले. मॉकमधले, म्हणजे सराव परीक्षांमधले, मार्क मात्र होते तिथेच राहिले.

शेवटी एका संध्याकाळी परीक्षेची रिस्पॉन्स शीट, म्हणजे मी दिलेल्या उत्तरांची नोंद, काढून बसले. आरसीच्या, म्हणजे उताऱ्यांवरच्या, सोळा प्रश्नांपैकी पंधरा सोडवले होते आणि त्यातले नऊ चुकले होते. प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर ‘मी हाच पर्याय का निवडला’ ते मराठीत लिहिलं. शब्द अडला म्हणून चुकलेला प्रश्न एकच निघाला. दोन ठिकाणी प्रश्नातला ‘एक्सेप्ट’ (यापैकी कोणतं सोडून, असं विचारणारा शब्द) नजरेतून सुटला होता. उरलेल्या सहा प्रश्नांत लेखकाने खोडून काढलेलं मत मी लेखकाचंच मत धरलं होतं.

हे लक्षात आलं आणि आजोबा आठवले. आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात ते चातुर्मासात प्रवचन करायचे. बोलता बोलता थांबायचे आणि म्हणायचे, “आता इथं कोणी म्हणेल…” मग पाच-सात मिनिटं त्या ‘कोणी’ची बाजू इतकी मन लावून मांडायचे की लहानपणी मला तेच त्यांचं म्हणणं वाटायचं. नंतर एक “परंतु” यायचा आणि समोरच्या बायकांच्या माना हलायला लागायच्या. शास्त्रात याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. कॅटचे बरेचसे उतारे याच बांधणीचे असतात. आधी प्रचलित समज, त्याला थोडी मान्यता, मग ‘परंतु’ आणि त्यानंतर लेखकाचं स्वतःचं म्हणणं. उतारा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: हे वाक्य कोण बोलतंय?

ते ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. ‘इट इज ऑफन अर्ग्यूड दॅट’, ‘मेनी बिलीव्ह’, ‘द कन्व्हेन्शनल व्ह्यू’ दिसलं की ‘कोणी’ बोलायला लागला. ‘टु बी शुअर’, ‘ग्रांटेड’ आलं की लेखक त्याला तात्पुरतं पटल्याचं सांगतोय. ‘येट’, ‘हाउएव्हर’, साधं ‘बट’ आलं की कान टवकारा. मी कागदावर उताऱ्यामागे दोनच ओळी लिहायचे. ‘को’ म्हणजे कोणी काय म्हणतो आणि ‘ले’ म्हणजे लेखक काय म्हणतो. पाच-सहा शब्दांत आणि मराठीत. मराठीतच लिहा असं मी आग्रहाने सांगते. इंग्रजीत लिहिलं तर उताऱ्यातलेच शब्द उचलले जातात आणि आपल्याला समजलंय असा भास होतो. स्वतःच्या भाषेत लिहायचं तर अर्थ लागलेला असावाच लागतो.

एक नमुना मीच तयार केलाय, सोयीसाठी मराठीत:

“छापखान्याने हस्तलिखितं संपवली असं सर्रास मानलं जातं. एकसारख्या शेकडो प्रती स्वस्तात मिळू लागल्यावर हाताने नकला कोण करणार, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि मोठ्या खपाच्या ग्रंथांपुरता तो खराही आहे. मात्र खासगी कविता, राजकीय टीका, घरगुती औषधांच्या नोंदी छपाई आल्यावरही दीर्घकाळ हातानेच लिहिल्या गेल्या आणि हातोहात फिरल्या. त्या मोजक्या, ओळखीच्या लोकांनीच वाचाव्यात अशी लिहिणाऱ्यांची इच्छा होती.”

लेखक यातल्या कोणत्या विधानाशी सहमत होईल?
(अ) छपाई स्वस्त झाल्यामुळे हस्तलिखितं नाहीशी झाली.
(आ) हस्तलिखितांवर छपाईचा काहीच परिणाम झाला नाही.
(इ) काही लेखनासाठी वाचक कमी असणं हीच सोय होती.
(ई) वाचकांना छापील पुस्तकापेक्षा हस्तलिखित जास्त विश्वासाचं वाटे.

‘अ’ हे त्या ‘कोणी’चं म्हणणं. शब्द उताऱ्यातलेच असल्यामुळे ते ओळखीचं वाटतं आणि घाईत हात तिथेच जातो. ‘आ’ लेखकाच्या बाजूचं आहे, पण ‘काहीच’ या शब्दाने ते मर्यादा ओलांडतं. मोठ्या खपाच्या ग्रंथांचा मुद्दा लेखकाने मान्य केलाय. ‘ई’ खरं असेलही, पण विश्वासाबद्दल उताऱ्यात अक्षर नाही. राहिला ‘इ’. त्यातला एकही महत्त्वाचा शब्द उताऱ्यातून जसाच्या तसा घेतलेला नाही, तरी अर्थ नेमका शेवटच्या वाक्याचा आहे. बरोबर पर्याय बहुधा असाच कपडे बदलून येतो. म्हणून दोन पर्यायांत अडलात तर ‘जास्त चांगला कोणता’ हा विचार सोडा आणि ‘चुकीचा शब्द कुठल्या पर्यायात आहे’ ते शोधा. ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’, ‘प्रायमरिली’ यांवर बोट ठेवून उताऱ्यात त्यांना आधार मागा.

‘एक्सेप्ट’च्या प्रश्नांसाठी माझा उपाय साधा होता. कागदावर अ, आ, इ, ई लिहायचं, उताऱ्यात आधार सापडेल त्या अक्षरावर काट मारायची. उरेल ते उत्तर.

सरावासाठी मॉकपेक्षा कॅटचे जुने पेपर आधी घ्या. बाजारातल्या कित्येक मॉकमध्ये दोन पर्याय तितकेच बरोबर वाटतात आणि चुकीच्या सवयी लागतात. 2019 पर्यंत या विभागाला 60 मिनिटं आणि 34 प्रश्न होते, 2020 पासून 40 मिनिटं झाली. जुने उतारे त्यामुळे बाद होत नाहीत, वेळ तेवढी आजची लावा. पण पहिले सहा आठवडे घड्याळ नकोच. रोज दोन उतारे, प्रत्येकाच्या ‘को-ले’ ओळी, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला वहीत एक वाक्य. ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं नाही, त्यातून काही कळत नाही. ‘कोणीचं मत लेखकाचं धरलं’, ‘काहीच हा शब्द पाहिला नाही’ असं लिहायचं. महिन्याभरात तीन-चार चुका पुन्हा पुन्हा येताना दिसतील. तुमचा अभ्यास त्या तीन-चार चुकांचा.

याशिवाय रोज एक लांब इंग्रजी निबंध वाचा आणि मुद्दाम नावडत्या विषयावरचा घ्या. मला तत्त्वज्ञान आणि कलासमीक्षा वाचवत नसे, म्हणून आठवड्यातले चार दिवस तेच. विषय परका असला तरी ‘कोणी’ आणि ‘परंतु’ सापडतात हे एकदा अनुभवलं की भीती जाते.

आता वेळेचं. चाळीस मिनिटं, 24 प्रश्न, त्यात साधारण चार उतारे आणि त्यांचे सोळा प्रश्न. बरोबरला 3, चुकीला उणे 1. चारही उतारे घाईत उरकून 10 बरोबर आणि 6 चूक आले तर हातात 24 मार्क. तीनच उतारे शांतपणे वाचून 10 बरोबर, 2 चूक आले तर 28. दुसऱ्या प्रयत्नात मी उतारे फक्त तीन सोडवायचं ठरवूनच बसले. उताऱ्यामागे नऊ मिनिटं, पैकी चार ते साडेचार वाचायला. वाचनात वेळ वाचवणारी मुलं पुढे प्रत्येक प्रश्नाला उताऱ्यात परत जातात आणि वाचवलेली मिनिटं तिथे दुप्पट खर्च करतात. उरलेली मिनिटं इतर प्रश्नांना. वाक्यांचा क्रम लावून आकडा टाईप करायच्या प्रश्नांना उणे मार्क नाहीत, ते कोरे सोडू नका.

कोणते तीन घ्यायचे ते ठरवायला चारही उताऱ्यांची पहिली तीन-चार वाक्यं वाचायची. विषय ओळखीचा आहे का हे मी पाहत नसे. वाक्यं पहिल्या वाचनात उलगडतात का, एवढंच बघायचे. त्या दिवशी एक उतारा संगणकांबद्दल होता, माझ्याच शाखेचा, पण चार ओळींत तीन वेळा मागे जावं लागलं म्हणून तो सोडला. घेतलेल्यांपैकी एक संग्रहालयांवर होता. ‘मेनी क्युरेटर्स मेंटेन’ वाचताच कागदावर ‘को’ लिहिलं, आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर ‘बट’ भेटला. त्या उताऱ्याचे चारही प्रश्न बरोबर आले.