घरातल्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर घाट बसवायचाय? मग वळण आणि चढाचं गणित एकत्रच करा

आपल्याकडे लेआउट, म्हणजे छोट्या आगगाडीचा रूळमार्ग, करणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात भोर घाटच असतो, माझ्याही होता. खरा कर्जत-लोणावळा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे साधारण २.७ टक्के, आणि तेवढ्यालाही कर्जतला गाडीमागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं जोडतात. मी पहिल्याच लेआउटला ४ टक्के चढ दिला, तोही १८ इंच रेडियसच्या वळणावर, आणि पाच डबे लावले की इंजिनची चाकं जागच्या जागी फिरायची. सगळं उखडून परत करायला लागलं, म्हणून ट्रॅक विकत घ्यायच्या आधीच हे वाचा.

सुरुवात रुळापासून नाही, तुमच्या सगळ्यात लांब डब्यापासून करा. एचओ या मॉडेलच्या मापात सगळं खऱ्याच्या १:८७ असतं, त्यात आयसीएफचा (आपल्या रेल्वेचा जुन्या पद्धतीचा) डबा साधारण साडेचोवीस सेंटीमीटर होतो आणि एलएचबी (नव्या पद्धतीचा, जास्त लांब) २७. वळणाचा रेडियस या लांबीच्या निदान तिप्पट पाहिजे, म्हणजे आयसीएफला २९ इंच आणि एलएचबीला ३२. चौपट मिळाला तर गाडी दिसतेही छान. ८ फूट बाय ४ फुटांच्या प्लायवर जेमतेम २२ इंच बसतो, तेव्हा अशा प्लायवर लांब एक्सप्रेसचा हट्ट सोडा आणि छोटे वाघिणीचे डबे किंवा छोटं इंजिन घ्या. माथेरानची गाडी २० ला १ चढते आणि इतकी गर्रकन वळते ती डबे चिमुकले आहेत म्हणूनच ना!

डावं वळण संपलं की लगेच उजवं, असं करू नका. मधे निदान एका लांब डब्याइतका सरळ रूळ द्या, नाहीतर कपलिंग एकमेकांना बाजूला ढकलतात आणि डबा उतरतो.

आता चढ. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर पुलाची जाडी धरून ८ सेंटीमीटर तरी उंची लागते. २ टक्क्यांनी ८ सेंटीमीटर चढायला ४ मीटर, उतरायला परत ४ मीटर, आणि ८ बाय ४ वरचा आख्खा लूप, म्हणजे गोल फिरून परत येणारा मार्ग, भरतो जेमतेम ६ मीटर! म्हणजे तिथे हा प्रकार बसतच नाही, स्टेशनसाठी सपाट जागा तर लांबच राहिली. माझ्या मते अशा वेळी लूप सपाट ठेवावा आणि भिंतीलगतच्या फळीवर चढत जाणारी एक ब्रँच काढावी, ती वर जाऊन संपते, उतरायला वेगळी जागा लागत नाही.

बरेच जण विसरतात ते हे की वळणसुद्धा चढासारखंच गाडीला ओढून धरतं. एचओसाठी ठोकताळा असा की ३२ ला इंचातल्या रेडियसने भागा, जे येईल तेवढे टक्के चढात मिळवा. २२ इंचाच्या वळणावर २ टक्के चढ म्हणजे इंजिनला जवळपास साडेतीन टक्के! म्हणून जमेल तेवढा चढ सरळ भागात घ्या, आणि वळणावर घ्यावाच लागला तर तिथे चढ कमी करा.

वळण आखताना दोरी वापरू नका, ती ताणते. लाकडी पट्टीला एका टोकाला खिळा आणि मोजून दुसरीकडे पेन्सिलचं भोक, एवढं पुरतं. २ टक्के चढ तपासायला एक मीटरची सरळ पट्टी घ्या, उताराकडच्या टोकाखाली २ सेंटीमीटरचा ठोकळा ठेवा, वर स्पिरिट लेव्हल, बुडबुडा मधे आला की झालं. चढ सुरू होतो आणि संपतो तिथे प्लायला ३० सेंटीमीटरभर आपोआप वाकू द्या, ठोकून कोन करू नका आणि तिथे पॉइंट, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळवायचा सांधा, तर अजिबात टाकू नका.

आणि फेविकॉल, गिट्टी वगैरे नंतर. आधी ट्रॅक खिळ्यांवर तात्पुरता बसवा आणि सगळ्यात लांब गाडी दोन्ही दिशांनी, पुढे ओढत आणि मागे ढकलत, चालवून बघा. हलका डबा इंजिनलगत आणि जड मागे असेल तर वळणावर हलका आतल्या बाजूला उलटतो, तेही याच वेळी कळेल.