गावात गाडी शिकताना या चुका टाळा

मोठ्या गावात गाडी शिकणे सोपे असते, असा समज शिकणाऱ्याचाही असतो आणि शिकवणाऱ्याचाही. सिग्नल नाहीत, खरी गर्दी आठवडी बाजारापुरती, आणि सगळे गाव ओळखीचे. घरातल्या व शेजारच्या मुलामुलींना शिकवताना मला मात्र असे दिसले, की बहुतेक चुका या ओळखीतूनच होतात. रस्ता आपलाच वाटू लागतो आणि त्यावर ढोरे, बंड्या (बैलगाड्या), ट्रॅक्टर, वाळत घातलेले पीक आणि एस.टी. या सर्वांचा वाटा आहे, हे ध्यानात राहत नाही.

परवान्याचे आधी सांगतो. चारचाकीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो, तो मिळून ३० दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि तोवर शेजारी पक्का परवाना असलेला माणूस व गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ असणे बंधनकारक आहे. ‘वावरापर्यंतच तर जायचे आहे’ म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

मैदानावर शिकावे ते फक्त क्लच आणि ब्रेकसाठी. क्लच हळूहळू सोडताना एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो. तिथे पाय क्षणभर थांबवला नाही, तर गाडी हिसका देऊन बंद पडते. गाडी चालू लागल्यावर डावा पाय क्लचवर टेकवून ठेवण्याची खोड मात्र पहिल्याच आठवड्यात मोडावी, नाहीतर क्लच-प्लेट घासून जळका वास येऊ लागतो. थांबताना आधी क्लच दाबणे हीही सर्रास होणारी चूक आहे, कारण त्यामुळे इंजिनाचा रोध सुटतो. आधी ब्रेक लावावा आणि गाडी बंद पडण्याच्या बेतात आली की मग क्लच दाबावा.

खरी परीक्षा असते ती गावाला फाट्याशी जोडणाऱ्या डांबरी रस्त्यावर. हा रस्ता बहुधा एकपदरी, म्हणजे ३.७५ मीटर रुंद असतो आणि काही ठिकाणी तर ३ मीटरच असतो. एस.टी.ची रुंदी सुमारे अडीच मीटर आणि लहान कारची सुमारे १.७ मीटर धरली, तर बेरीज ४.२ मीटर होते; म्हणजे कुणीतरी साइडपट्टीवर उतरल्याशिवाय दोघांना ओलांडता येत नाही. शिकाऊ चालक शेवटपर्यंत डांबर सोडत नाही, एस.टी. तोंडाशी आली की स्टेअरिंग एकदम डावीकडे ओढतो, चाक कडेवरून आदळताच घाबरून तितक्याच जोराने उजवीकडे ओढतो, आणि गाडी रस्त्यात आडवी होते. समोरचे वाहन दुरून दिसताच दुसऱ्या गिअरवर यावे, कड जिथे सपाट असेल तिथे फक्त डावी चाके खाली घ्यावीत, आणि वर येताना वेग जवळजवळ शून्यावर आणून तिरपे चढावे. हा सराव मी रिकाम्या रस्त्यावर वीस-वीस वेळा करून घेतो.

पावसाळ्यात मात्र ही साइडपट्टीच घात करते. एका भाद्रपदात भाची गाडी चालवत होती आणि समोरून ट्रॅक्टर आला म्हणून तिने शिकवल्याप्रमाणे डावी चाके खाली घेतली. वरची पपडी वाळलेली होती, पण खाली काळी माती लोण्यासारखी मऊ होती. “मामा, गाडी तं खालीच चालली!” म्हणत तिने रेस वाढवली आणि पुढचे चाक अर्धे रुतले. इथे रेस देणे हीच मोठी चूक आहे, कारण जागेवर फिरणारे चाक स्वतःचाच खड्डा खोल करते. आम्ही इंजिन बंद केले, स्टेअरिंग सरळ केले, विळ्याने चाकासमोरची माती खरवडली, धुऱ्यावरच्या जुन्या तुराट्या पुढच्या चाकांखाली दिल्या (बहुतेक लहान गाड्यांत ओढ पुढच्या चाकांची असते) आणि दुसऱ्या गिअरवर हलक्या रेसने गाडी बाहेर काढली. धक्का देणाऱ्यांनी चाकाच्या रेषेत उभे राहू नये. पावसाच्या दिवसांत त्याहून बरे हे, की खडी किंवा मुरूम दिसेल तिथेच आधी थांबून समोरच्याला वाट द्यावी.

दसऱ्याच्या सुमारास सोंगलेले सोयाबीन रस्त्यावर पसरलेले असते. दाण्यांवर ब्रेक लावला की चाक घसरते आणि वाळलेले कुटार (भुसा) तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटू शकते. “काका, जरा बाजूला ओढता का?” असे उतरून विचारण्यात कमीपणा नाही.

सकाळी आखराकडे जाणारी आणि दिवेलागणीला परतणारी ढोरे पाहून हॉर्न वाजवू नये, कारण बिथरलेले जनावर नेमके गाडीसमोर येते. गाडी थांबवावी आणि गायक्याला वाट काढू द्यावी. वासरू पलीकडे गेले असेल तर गाय त्यामागे येणारच, हे गृहीत धरावे. रोह्यांच्या (नीलगायींच्या) कळपाचेही तसेच, एक ओलांडून गेला तरी मागचे उरलेले असतात. रात्रीची गाडी सर्वांत शेवटी शिकावी, कारण मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली किंवा बंडी अगदी जवळ आल्यावरच दिसते. समोरच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपले तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि दिव्याच्या उजेडात थांबता येईल इतकाच वेग असावा.

रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर ओळखीचा रस्ता म्हणून गाडी घालू नये. गढूळ पाण्याखाली रपट्याचा काठ दिसत नाही, आणि फूट-दीड फूट वाहते पाणीही लहान कारला सरकवू शकते. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा सेल मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि आतला रॉड वाकतो. आधी माणसांनी बाहेर यावे, गाडी पाणी उतरल्यावर ट्रॅक्टरने ओढून थेट मेकॅनिककडे न्यावी.