खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर हरणासाठी रायफल

भारतात शिकारीला बंदी आहे. हे अमेरिकेतल्या हंगामाबद्दल. सर्जनने बंदूक चालवायला परवानगी दिली असेल तरच पुढचं वाचा.

काडतूस .२४३ विंचेस्टर, गोळी १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅम). त्याचा खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या साधारण निम्मा, आणि दीडशे-दोनशे यार्डांवर हरणाला पुरेसा. .२२३ आणखी सौम्य, पण कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचांत) लागतं, म्हणून आधी आपल्या राज्याचा नियम बघा.

फसगत होते ती वजनात. उचलायला सोपी म्हणून अडीच किलोची डोंगरी रायफल घेतात आणि तीच जास्त लाथ मारते. दुर्बिणीसह साडेतीन ते चार किलोची घ्या, भार तिवईवर टाका. दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाला, मऊ रबरी पॅड हवाच. दस्त्याची लांबी जाड जॅकेट घालून तपासा. लांब पडला तर पॅड खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकतो, नेमका टाक्यांकडे. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाला लावलेला, वायू बाजूला वळवणारा भाग) धक्का कमी होतो, पण आवाज कान फोडतो.

नेम जुळवताना टेबलावर वाकून बसू नका, शरीराला मागे सरकायला जागा राहत नाही. चार-पाच गोळ्या झाल्या की थांबा. एवढं करूनही दुखलं, तर दुसऱ्या खांद्यावरून सराव करा.